प्रुइट यांचे पॉइंट्स

झीनिया, ओहायो
९ फेब्रुवारी २०२३

प्रिय लाइल,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, एवढ्यावर मी आज समाधान मानते. तू, बेथनी आणि हॅडली तिघंही बरी असाल. तुमच्या फोर्ट वेनला आमच्यापेक्षा जास्त बर्फ पडला असं बातम्यांत सांगत होते. इकडे तीन दिवस रस्ता बंद होता. शेजारचा हर्शेल न सांगता येऊन माझ्या दारातला बर्फ काढून गेला आणि त्या बदल्यात दीड तास कॉफी पीत बसला. त्याच्या तिन्ही मेहुण्यांची भांडणं मला आता तोंडपाठ आहेत.

माझा डावा गुडघा पार कामातून गेला आहे. डॉक्टर म्हणतात, बदलून टाका. मी त्यांना विचारलं, गुडघ्यासाठी किती जणांकडून दर मागवलेत? ते हसले नाहीत. तीस वर्षं शाळा-खात्याच्या खरेदी विभागात घालवल्यावर माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? पूर्वीचा तू असतास तर हसला असतास.

समोरच्या खोलीतला गालिचा काढून टाकला. आईचा पलंग जिथे होता तिथे चार खळगे पडले होते, आणि कितीही घासलं तरी ते वर येईनात. आता तिथे शिवणाचं मशीन ठेवलं आहे. चर्चच्या जेवणाला यंदा मी दोन पातेली खिम्याची चिली केली, आईसारखी दालचिनी घालून, खाली स्पॅगेटी. सगळी संपली. दोघी-तिघींनी येऊन सांगितलं की अगदी तिच्या हातची चव आहे. घरी येऊन मी ती पातेली दोन दिवस घासलीच नाहीत.

येत्या एकोणीस तारखेला आईला जाऊन चार वर्षं होतील. मी सकाळी दफनभूमीत जाऊन येईन. तू येशील तेव्हा दिसावं म्हणून मी दगडाभोवतीचं गवत नेहमी कापून ठेवते, पण तू कधी येतोस आणि कधी जातोस ते मला कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात पिवळी फुलं होती, ती तुझीच असणार.

बेथनीने मला फोन केला होता. तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, गेले तीन उन्हाळे तू कुठल्या ना कुठल्या हॉटेलात खोली घेतोस, थेट हॉटेलकडूनच घेतोस, आणि रद्द करायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन करून रद्द करतोस. सामान भरलेलं असलं तरी. हॅडलीच्या वाढदिवसाचंही ती काहीतरी सांगत होती. मी जास्त खोदून विचारलं नाही.

बाकी सगळं ठीक आहे. गॅरेजचं दार अजूनही मध्येच अडकतं, तू दाखवलं होतंस तसं मी त्याला गुडघ्याने ढकलते. अर्थात उजव्या.

हॅडलीला माझ्या वतीने जवळ घे. तिला सांग की आत्या म्हणाली... राहू दे. नुसतं जवळ घे.

तुझी
मार्लीन

*

झीनिया, ओहायो
३ मार्च २०२३

लाइल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोनच ओळी, तरी मी त्या किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. ‘हॅडलीबद्दल तुला काय माहीत आहे? सांगायचं असेल तर सरळ सांग, गुडघ्याचं पुराण नको.’

बरोबर आहे तुझं. पुराण बंद.

बेथनीने मला जे सांगितलं ते आधी लिहिते. हॅडली यंदा वाढदिवसाला काहीच मागायला तयार नाही. केकसुद्धा नको म्हणते. शाळेच्या सहलीच्या कागदावर तिने स्वतःच ‘येणार नाही’ अशी खूण केली. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी चार-पाच वेळा बसवून घेतलं तेव्हा कुठे ती बोलली. मी हट्ट केला म्हणून बाबा फ्लोरिडाला आले, आणि मी हट्ट केला म्हणून आजी बाबांना न भेटता गेली, असं ती म्हणाली. मी काही मागितलं की कुणीतरी मरतं, असंही म्हणाली. अकरा वर्षांची मुलगी, लाइल. बेथनी रडत होती. तुला सांगायचा तिला धीर होत नव्हता, कारण तू स्वतःच अजून त्यातून बाहेर आलेला नाहीस. म्हणून तिने मला विचारलं, आता काय करू?

आणि मी तिला म्हणाले, मुलांना असं काहीतरी वाटतंच, जाईल हळूहळू. फोन ठेवला आणि शिवायला बसले. दोन टाके घातले नसतील, सुई बोटात गेली.

आता आई जायच्या आधीच्या नोव्हेंबरातल्या त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून सांगते. तुला सगळं आठवत असेल, तरी मला ते क्रमाने लिहिलं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा वाट चुकवीन.

तू त्या दिवशी टर्की कापत होतास आणि फुशारकीने सांगत होतास की फेब्रुवारीत हॅडलीला फ्लोरिडातल्या मनोरंजन पार्कला नेणार, दीड वर्ष पैसे साठवलेत, खोली थेट पार्कच्या हॉटेलातच घेणार. मी विचारलं, भाव काय? तू सांगितलास. माझ्या हातातला चमचा खाली पडला. मी म्हटलं, थेट हॉटेलकडून खोली घेणं म्हणजे दुकानात शिरून पहिल्या फळीवरचा पहिला डबा उचलणं. त्याच हॉटेलात, त्याच तळ्याकाठी, स्वयंपाकघरासकट मोठी खोली अर्ध्या पैशात मिळते. ज्यांनी वर्षानुवर्षांसाठी त्या जागेत राहायच्या हक्काचे पॉइंट्स विकत घेऊन ठेवलेत त्यांना दर वर्षी नवे पॉइंट्स मिळतात, आणि ज्यांना जायला जमत नाही ते लोक ते भाड्याने देतात. वापरले नाहीत तर वर्षाअखेरीस फुकट जातात ना.

तू म्हणालास, त्यात काहीतरी मेख असणार. मी म्हटलं, मेख एवढीच की खोली मालकाच्या नावाच्या खात्यावर असते. आपण नुसते पाहुणे. काही बदलायचं असलं तर हॉटेल आपल्याशी बोलत नाही, मालकालाच फोन करावा लागतो. आणि एकदा करार झाला की पैसे परत नाहीत.

‘थेट घेतली तर पाच दिवस आधीपर्यंत रद्द करता येते,’ तू म्हणालास. ‘आईची तब्येत ही अशी.’

आई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘माझ्या नावाने कुणी जास्तीचे पैसे भरू नका. मार्ली म्हणते तसं करा.’

मला किती बरं वाटलं होतं, तुला सांगू? सहा वर्षं ती माझ्याकडे होती आणि त्या सहा वर्षांत तुझ्यापेक्षा माझं बरोबर आहे असं ती चारचौघांत पहिल्यांदा म्हणाली.

मग सगळं मीच केलं. माणूस मीच शोधला. जॉर्जियातले प्रुइट नावाचे गृहस्थ. त्यांनी अकरा महिने आधी, म्हणजे नोंदणी उघडते त्या पहिल्याच सकाळी, तो आठवडा धरून ठेवला होता, बायकोबरोबर लग्नाचा चाळिसावा वाढदिवस साजरा करायला. ऑगस्टमध्ये ती गेली. आठवडा तसाच राहिला. त्यांनी बुकिंगवर स्वतःच्या नावाखाली तुमची तीन नावं घातली, आणि करारावर सही माझी. ई-मेल माझा, फोन माझा. तुझा नंबर त्यांच्याकडे नव्हताच. मी अभिमानाने म्हटलं होतं, तू फक्त गाडी चालवत जा, बाकी सगळं ताईवर सोड.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला, रविवारी, आईला श्वास घेता येईना. नर्स आली, ऑक्सिजन वाढवला, म्हणाली की आता फार तर दोन-तीन आठवडे. सोमवारी सकाळी मी तुला कळवलं. तू म्हणालास, मार्ली, त्या माणसाला फोन कर, रद्द होतं का बघ. मी केला. प्रुइट अगदी हळू आवाजात म्हणाले की मला वाईट वाटतं, पण करार करार आहे, हे पॉइंट्स आता दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, माझं सगळंच जाईल. मी तुला तसंच सांगितलं. इथपर्यंत मी खोटं बोललेले नाही.

तू म्हणालास, ‘पैसे परत मिळत असते तर मी जागचा हललो नसतो.’ पाठीमागून हॅडलीचा आवाज आला, बाबा, आपण जायचंच ना? तिची बॅग भरून तीन दिवस झाले होते. कारखान्यात तेव्हा तुझ्या पाळ्या कमी केल्या होत्या, एवढे पैसे पुन्हा कधी जमले नसते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, शुक्रवारी ठरल्याप्रमाणे निघा, जाऊन या, आई कुठे जात नाही, चोवीसच्या रविवारी तू इथेच असशील.

आता ते.

बुधवारी, तेरा तारखेला सकाळी, प्रुइट यांचा ई-मेल आला. तो छापून या पत्राला जोडला आहे. वर तारीख आहे, वेळ आहे. त्यांनी लिहिलं आहे की तुमच्या फोननंतर मला दोन दिवस चैन पडलं नाही. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा आमचा मुलगा कामावर होता, आणि तो अजून ते विसरू शकलेला नाही. पॉइंट्स फुकट गेले तर जाऊ देत. मी बुकिंग रद्द करतो आणि तुमचे सगळे पैसे परत पाठवतो. फक्त गुरुवारी दुपारी बारापर्यंत मला तसं सांगा, म्हणजे मी हॉटेलला कळवीन.

मी तो वाचला. मग आईचे केस विंचरले. मग पुन्हा वाचला. गुरुवारी बारा वाजता मी स्वयंपाकघरात उभी होते आणि घड्याळाकडे पाहत होते, लाइल. विसरले नव्हते. मला कुणी अडवलं नव्हतं. फोन हाताशी होता. सव्वाबाराला मी त्यांना लिहिलं, आपले आभार, पण माझ्या भावाने जायचं ठरवलं आहे.

तू काहीच ठरवलं नव्हतंस. तुला ठरवायला मी दिलंच नाही.

का, ते मी स्वतःला निरनिराळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. नर्सने तीन आठवडे म्हटलं होतं, हे एक. मुलीचं मन मोडू नये, हे दुसरं. हे मला फार आवडायचं, कारण त्यात मी चांगली दिसते. त्या माणसाच्या दयेवर पैसे परत मिळाले असते तर माझं सगळं नियोजनच चुकीचं होतं आणि तुझं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं, हे सगळ्यांना कळलं असतं, हेही खरं आहे.

पण खरं कारण मला त्या बाराच्या ठोक्यालाही माहीत होतं. मला आई एकटीला हवी होती. सहा वर्षं मी तिला उचललं, धुतलं, गोळ्या दिल्या, रात्री तीनदा उठले. तू वर्षातून तीनदा फुलं घेऊन यायचास आणि तिचा चेहरा असा उजळायचा की मला खोलीतून बाहेर जावं लागायचं. तू गेलास की आठ दिवस ती तुझ्याबद्दल बोलायची. मला शेवटचा एक आठवडा हवा होता, ज्यात तू नसशील. तो मिळवायला मला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

आता पुढचंही ऐक, कारण अर्धं सांगून मी सुटू इच्छित नाही. शनिवारपासून ती तुला विचारत होती. ‘लाइल आला?’ मी म्हणायचे, येतोय, गाडी लावतोय. दर तासाला तू गाडी लावत होतास. ती मान दाराकडे वळवून पडून राहायची. रविवारी संध्याकाळी तू हॉटेलातून फोन केलास तेव्हा मी म्हणाले, ती झोपली आहे. ती जागी होती. माझ्याकडेच बघत होती.

सोमवारी दुपारी तिची शुद्ध एकदम चांगली होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘तू त्याला येऊ दिलं नाहीस ना, मार्ली?’

मी तिची उशी सारखी केली. ती म्हणाली, ‘पाणी दे.’ मी दिलं. त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. मंगळवारी सकाळी गेली.

मला हवा होता तो आठवडा मला असा मिळाला.

दफनानंतर तू माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास की मी बोटीत बसून फोटो काढत होतो तेव्हा माझी आई मरत होती. हॅडली टेबलाशी बसून डोनट खात होती. तिने तो तसाच बशीत ठेवला, मी पाहिलं. मग तू मला विचारलंस, त्या माणसाला पुन्हा एकदा फोन केला असतास तर? आणि मी म्हणाले, ‘केला होता. नाहीच म्हणाला.’ ते खोटं मी तुझ्या डोळ्यांत बघून बोलले. तू ओरडलास, तुझ्या बचतीपायी माझी आई मला भेटली नाही, अर्धे पैसे वाचवण्यासाठी तू माणसं विकशील. मी उलट ओरडले. सगळ्या नातेवाइकांना वाटलं की बहीण-भाऊ पैशावरून तुटले. मी ते तसंच राहू दिलं. कंजूष म्हणवून घेणं मला सोपं होतं.

चार वर्षं तू स्वतःला दोष देतोस, थोडा मला, माझ्या काटकसरीला. प्रुइट यांना तर तू दगडाच्या काळजाचा माणूस म्हणतोस असं बेथनी म्हणाली. ते तसे नव्हते. आणि आता ते सगळं तुझ्या मुलीने उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलंय, म्हणून मी लिहिते आहे. ती मध्ये नसती तर मी हे मरेपर्यंत सांगितलं नसतं, हेही खरंच लिहायला हवं.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि तू दिलीस तरी तिचं मी काय करू हे मला कळणार नाही. मला तुझ्याकडून एकच हवं आहे. सोबत एक छोटी चिठ्ठी आहे, हॅडलीसाठी. पाकीट चिकटवलेलं नाही. तू वाच, बेथनीला वाचू दे, पटली तर तिच्या हातात दे. तूच तिला तुझ्या शब्दांत सांगितलंस तरी चालेल, पण सांग. मला वाचवून सांगू नकोस. ‘आत्याचा काहीतरी गोंधळ झाला’ असं म्हणू नकोस. गोंधळ झाला नव्हता.

मार्लीन

*

हॅडली,

मी तुला मोठ्या माणसासारखं लिहिते आहे, कारण तू चार वर्षं मोठ्या माणसाचं ओझं उचलते आहेस आणि ते तुझं नाही.

आजी फार आजारी होती तेव्हा तुम्ही फ्लोरिडाला गेलात. तू सात वर्षांची होतीस आणि तुला जायचं होतं. सात वर्षांच्या सगळ्याच मुलांना जायचं असतं. तुझे बाबा गेले ते तू हट्ट केलास म्हणून नाही. खोलीचे पैसे परत मिळणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं म्हणून ते गेले.

पण ज्या प्रुइट आजोबांची ती खोली होती त्यांनी दोन दिवस आधी मला कळवलं होतं की पैसे परत देतो, तुमच्या भावाला घरी थांबू द्या. तो निरोप तुझ्या बाबांना द्यायचं काम माझं होतं. मी दिला नाही. मुद्दाम दिला नाही. बाबांना हा निरोप मिळाला असता तर ते आजीजवळ असते. तू रडली असतीस, दुसऱ्या दिवशी विसरली असतीस, आणि आजीने तुझ्या बाबांना पाहिलं असतं.

हे तुला, बाबांना, आईला, कुणालाच माहीत नव्हतं. फक्त मला माहीत होतं.

तुला माझा राग येईल. तो बरोबर आहे. जितका येईल तितका येऊ दे, पण त्यातला थोडासुद्धा स्वतःसाठी ठेवू नकोस.

मला यापुढे आत्या म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

मार्लीन